जगाच्या मेळ्यात जमनी

भूगोलाच्या शिक्षकाला जग शिकवायला पस्तीस मिनिटं मिळतात. त्यांतली पाच हजेरीत जातात आणि पाच नकाशा अडकवायचा खिळा शोधण्यात. उरलेल्या पंचवीस मिनिटांत साठ मुलांना कटिबंध, खंड, महासागर आणि त्यांच्या काठानं राहणारी माणसं द्यायची असतात. माणसं सर्वांत शेवटी येतात. पुस्तकात त्यांच्या वाट्याला दोन ओळी असतात : येथील लोक कष्टाळू आहेत, भात व मासे हे त्यांचे मुख्य अन्न होय. देश बदलला की भाताच्या जागी गहू किंवा मका येतो. लोक मात्र सगळीकडे कष्टाळूच. या दोन ओळींची मला चीड होती. त्या चिडीतूनच पुढचं सगळं झालं.

पलूसच्या अलीकडच्या एका मोठ्या, ऊसवाल्या गावातल्या हायस्कुलात मी सात वर्षं भूगोल शिकवला. गेल्या वर्षी सोडला. संपादकांनी ‘वर्गातले अनुभव’ लिहायला सांगितले आहेत. गमतीचे चार लिहिता आले असते. एक-दोन लिहितोही. पण मला एकाच मुलीविषयी लिहायचं आहे आणि ते दिवाळीच्या फराळाबरोबर गोड लागणार नाही.

माझं गाव उंब्रज. वडील चळवळीतले. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. मी अक्षरं शिकलो ती गुलाबी-पिवळ्या कागदांवरच्या ठळक मथळ्यांवर. ‘बंधुभगिनींनो, जागे व्हा!’ हे मी न अडखळता वाचलेलं पहिलं वाक्य. आणीबाणीत आईनं तो सगळा ढीग दोन दिवस चुलीत घातला तेव्हा मी रडलो होतो. पत्रकाचा एक मोठा गुण असतो. त्यात शंका नसते. मी तसाच वाढलो. अन्याय दिसला की आवाज चढायचा आणि आवाज चढला की आपलं खरं आहे असं वाटायचं.

नोकरीच्या पाचव्या वर्षी साताऱ्याला भूगोल-शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर झालं. पुण्याहून आलेल्या एका प्राध्यापकांनी ‘जागतिक सामंजस्य’ या विषयावर व्याख्यान दिलं. जग वर्गात आणा, म्हणाले. जगातल्या माणसांचे पोशाख, अन्न, सण, घरं मुलांना दाखवा. परक्याविषयीची भीती ओळखीनं जाते. मग सायक्लोस्टाईल केलेली पुस्तिका वाटली. बाकीच्यांनी ती पिशवीत टाकली. मी ती एस.टी.तच वाचून काढली आणि पलूसला उतरलो तेव्हा मला कामाचा अर्थ सापडला होता.

आमचे हेडमास्तर चौगुले सर. सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातले, मितभाषी. दिवस मावळायच्या आत जेवण आणि नियमावली तोंडपाठ. शाळेत एक पृथ्वीगोल होता, तो त्यांच्या कपाटात कुलुपात असे. मी तो मागायला गेलो.

“कशाला हवाय?”

“पृथ्वी दाखवायला, सर.”

“नकाशा आहे की.”

“नकाशा सपाट आहे.”

“मग सांगा ना, गोल आहे म्हणून. पोरं तुमचं ऐकतात.”

पृथ्वीगोल मिळाला नाही. मग मी जग दुसरीकडून आणायचं ठरवलं. आमच्या गावात ज्याच्या घरात ऊस नाही त्याच्या घरात फौजी आहे आणि पुष्कळांच्या घरात दोन्ही. मी मुलांना सांगितलं, घरात लांबून आलेली एखादी वस्तू असेल ती आणा. दुसऱ्या दिवशी वर्ग भरून गेला. नागांची लाल-काळी शाल, जपानी थर्मास, काश्मिरी अक्रोड, तिबेटी माणसानं विकलेला लोकरीचा टोप. प्रत्येक वस्तू नकाशावर कुठली ते आम्ही शोधलं. मग सहावीतली विजया जाधव उठली. तिचे वडील सुभेदार. हातात आंतर्देशीय पत्र.

“सर, छप्पन ए.पी.ओ. कुठं हाय?”

मागून तीन-चार पोरं ओरडली, “आमचं आप्पा बी तिथंच हायती!” “आमचं दादा बी!”

मी सांगितलं, ते गाव नाही. ते सैन्याच्या टपालाचा नंबर आहे. माणूस कुठे आहे ते शत्रूला कळू नये म्हणून.

“म्हंजे आमाला बी कळू ने?”

“तुम्हालाही नाही.”

विजयानं पत्राची घडी घातली. “मग आई रोज सांजंला दिवा लावून त्या बाजूला हात जोडती, ती कुठल्या बाजूला जोडती वो?”

याचं उत्तर कुठल्याच शिबिरात देत नाहीत. शेवटी आम्ही एका चिठ्ठीवर ‘५६ ए.पी.ओ.’ लिहून ती नकाशावर अरबी समुद्रात चिकटवली, जमिनीवर कुठे लावावी हे ठरेना म्हणून. पुढे तपासणीला आलेले साहेब बराच वेळ नकाशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “हे बेट नवीन दिसतंय.” वर्ग असा हसला की साहेबांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

असे दिवस होते. मी माझ्या कामावर खूश होतो. आणि मग याच विजयानं, जपानचा धडा चालू असताना, खिडकीकडे बोट करून विचारलं, “सर, ती माणसं कुठल्या देशातली?”

खिडकीबाहेर शाळेची भिंत, भिंतीपलीकडे ओढा आणि ओढ्याच्या काठाला ऊसतोडीला आलेल्या लमाणांच्या कोप्या. कोपी म्हणजे बांबूवर चटई आणि उसाचं पाचट टाकून केलेलं, वाकून शिरायचं घर. दिवाळी झाली की बीडच्या डोंगरपट्ट्यातून ही माणसं बैलगाड्या घेऊन येत आणि उन्हाळ्यात परत जात. नवरा-बायको दोघं मिळून एक ‘कोयता’ धरला जाई. फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकणार. माणसांना कोयता म्हणायचं, हे आमच्या गावात कुणाला खटकत नसे.

“आवं सर, ती लमाणं हायती,” मागचा एक जण म्हणाला. “त्यांचं बोलणं कुणालाच कळत न्हाई.”

जपानी माणूस काय खातो हे त्याला ठाऊक होतं. दोनशे पावलांवरच्या माणसाचं नाव वर्गात एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी त्याच संध्याकाळी ओढा ओलांडला.

पहिल्याच कोपीपुढे बारा-तेरा वर्षांची मुलगी वाढं बांधत होती, म्हणजे बैलांना घालायचे उसाचे शेंडे. कडेवर तान्ही बहीण. ती जमनी. बाप सकरू चिलीम भरत होता. त्याला तोडकं मराठी येत होतं. मी म्हणालो, मुलीला शाळेत पाठवा.

“शाळा आमची न्हाई, गुर्जी.”

“शाळा सगळ्यांची आहे.”

“मंग धाकलीला कोन बगंल? आमी दोगं फडात.”

“तिलाही घेऊन येऊ दे.”

“लेकरू? शाळंत?”

कोपीच्या आतून बाईचा आवाज आला, त्यांच्या भाषेत. सकरू खोखो हसला. “जमनीची याडी म्हनती, ह्या कोराला सोताची लेकरं न्हाईत वाटतं.” याडी म्हणजे आई, तिचं नाव धरमी. आणि ती माणसं स्वतःला गोर म्हणतात. उरलेलं सगळं जग, तुम्ही, मी, चौगुले सर, कोर. आपणही कुणाचे तरी परके आहोत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि फार आवडलं. पुस्तिकेतलं वाक्य जिवंत झालं होतं.

चौगुले सर म्हणाले, “बसू द्या. पटावर घेता येणार नाही. दाखला नाही, कायमचा पत्ता नाही.”

जमनी विजयाशेजारी बसू लागली. तान्ही पायाशी दुमडलेल्या तरटावर झोपायची, रडली की वर्गातल्या पोरी आळीपाळीनं घ्यायच्या. पहिले आठ दिवस पोरांनी नाकं दाबली, मग विसरली. जमनीनं दोन महिन्यांत बाराखडी संपवली. जोडाक्षरांशी ती भांडायची. तिला मराठी बोलणं आमच्या पोरांसारखंच, इकडच्या वळणाचं येऊ लागलं. विजयानं तिच्याकडून त्यांच्या भाषेतले पंचवीस-तीस शब्द उचलले आणि मधल्या सुटीत ‘बाटी’ मागू लागली. बाटी म्हणजे भाकरी.

एक तास मी कधी विसरणार नाही. नद्यांचा धडा होता. मी विचारलं, महाराष्ट्रातल्या पाच नद्या कोण सांगेल? जमनीनं हात वर केला. उठली आणि तिच्या गावापासून आमच्या गावापर्यंत गाडी कुठल्या कुठल्या पाण्यातून येते ते क्रमानं सांगू लागली. सीना. मग भीमा; तिथं बैल घाबरतात. मग माण, तिला पाणी नसतं, वाळूत चाकं रुततात. मग येरळा. मग ही कृष्णा. कुठे मुक्काम, कुठे चारा मिळतो, कुठल्या गावचे लोक विहिरीवर येऊ देत नाहीत, कुठल्या गावची एक म्हातारी ताक देते. ती बोलत गेली आणि मी खडूनं फळ्यावर रेघ ओढत गेलो. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. माझ्या सात वर्षांतला तो एकमेव खरा भूगोलाचा तास. शिकवणारी ती होती.

मी तिथंच थांबायला हवं होतं.

जानेवारीत सकरू मला बांधावर भेटला. म्हणाला, जमनीचं लगीन ठरलेलं आहे. पोराचा बाप पलूसकडच्या फडावर आहे आणि याच उन्हाळ्यात उरकायचं म्हणत होता. “मी त्येला म्हनलं, दोन साल थांब. पोरगी लिवाया शिकती. आमच्यात कागद वाचनारं कुनी न्हाई, गुर्जी. मुकादम सांगंल तेच कागदावर लिवलंय म्हनायचं. येक तरी वाचनारं व्हऊ दे.” पोराच्या बापानं कुरकुर करत मानलं होतं. सकरू हे अभिमानानं सांगत होता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि डोक्यात एक पत्रक लिहून टाकलं : एक मुलगी वाचली.

फेब्रुवारीत स्नेहसंमेलन. दरवर्षी तीच नाटुकली, तेच नाच. मी चौगुले सरांकडून परवानगी काढली आणि ‘जगाचा मेळा’ बसवला. पंधरा मुलं, पंधरा देश; प्रत्येकानं त्या देशाच्या पोशाखात येऊन चार वाक्यं बोलायची. विजया जपान झाली, आईच्या साडीचा किमोनो करून. एस्किमोला घोंगडं उलटं पांघरलं. एका मुलाला तव्याची काजळी फासून आफ्रिका केलं. हे लिहिताना माझी मान खाली जाते, पण तेव्हा मीच माझ्या हातानं ती काजळी फासली. सगळे पोशाख खोटे. एकच खरा असेल, असं मी ठरवलं. सर्वांत शेवटी जमनी येईल, आपल्या आईच्या पोशाखात, आणि म्हणेल, मी परकी नाही.

मी तिला पोशाख आणायला सांगितला. तिनं आणला. भिंगं लावलेली कांचळी, घागऱ्यासारखा घेरदार फेटिया, भरलेली ओढणी. पण लमाण बायकांच्या दोन्ही गालांवर केसांतून लोंबणारे ते चांदीचे झुबके मला हवे होते. त्यांनीच तर ती बाई लांबून ओळखू येते.

“ते चांदीचं कुठाय?”

“घुगरी? ती माजी न्हाई, सर.”

“आईची असेल. एका दिवसापुरती आण. हरवणार नाही. मी जबाबदार.”

कार्यक्रमाच्या दिवशी जमनी ती फडक्यात गुंडाळून घेऊन आली. आजीची होती, गाठोड्यात तळाशी ठेवलेली. आईला विचारून आणलीस का, हे मी विचारलं नाही. पडद्यामागे विजया आणि इतर मुली तिला सजवत होत्या. तेवढ्यात विजया माझ्याकडे आली. “सर, जमनी घुगरी घालंना.”

मी गेलो. जमनी फेटिया-कांचळीत उभी होती, घुगरी हातात. “सर, ही न्हाई घालायची.”

“का?”

“न्हाई घालत.”

मला वाटलं, लाजली. मला वाटलं, इतकी वर्षं या लोकांना आम्ही हिणवलं म्हणून तिला आपल्याच दागिन्याची शरम वाटते. आणि माझा आवाज चढला. मी तिथं, पंधरा देशांच्या समोर, भाषण केलं. स्वतःच्या संस्कृतीची लाज बाळगायची नाही. ताठ मानेनं उभं राहायचं. जे आपल्याला हसले त्यांना दाखवून द्यायचं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. जमनीनं ते झुबके विजयाच्या हातात दिले. विजयानं ते तिच्या केसांत बांधले.

समोर सगळा गाव होता. ओढ्यापलीकडच्या माणसांना मी स्वतः जाऊन बोलावलं होतं आणि पुढच्या सतरंजीवर बसवलं होतं. त्यावरून संस्थेच्या चेअरमनशी वादही घातला होता. पलूसच्या फडावरूनही चार-पाच जण आले होते. जमनी रंगमंचावर आली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात भिंगं चमकली. गाव टाळ्या वाजवू लागला. पुढच्या सतरंजीवर मात्र एकही हात हलला नाही. एक म्हातारी काहीतरी पुटपुटली. धरमीनं ओढणीनं तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलू लागले.

मला वाटलं, आनंदानं रडते आहे. त्या रात्री मी वहीत तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला अहवाल पाठवला, त्यातही तसंच लिहिलं.

चेअरमन पाठ थोपटून म्हणाले, “झकास झालं, मास्तर! फुडल्या साली मोठा पाव्हणा बोलवू. ही लमाणीन परत उभी करा. लय ब्येस दिसली.”

जमनी त्यानंतर शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी मी ओढा ओलांडला. सकरू फडात गेला नव्हता. त्यानं मला बसायलाही सांगितलं नाही.

घुगरी ही लग्न झालेल्या बाईची. आपल्याकडे मंगळसूत्र असतं तशी. लग्नात ती केसांत बांधतात. कुमारी मुलगी ती हातात धरेल, पण केसांत बांधणार नाही. जमनीच्या आजीची ती घुगरी जमनीच्याच लग्नासाठी ठेवलेली होती. पोराचा बाप सतरंजीवर बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सकरूच्या कोपीपुढे येऊन उभा राहिला. सकरूनं मला त्याचे शब्द सांगितले. “तुजी पोरगी हजार कोरांच्या म्होरं घुगरी बांधून हुबी ऱ्हायली. आता दोन साल कशाला थांबायचं? का दुसऱ्या कुनाची हाय ती?”

“मी काय बोलू, गुर्जी?” सकरू म्हणाला. “माज्याकडं येकच बोलनं हुतं. साळा शिकती, थांबा. तर साळंनंच तिला घुगरी बांधली.”

जमनी पलीकडे पाठ करून बाट्या थापत होती. मी तिच्या पाठीकडे बघून म्हणालो, “जमनी, तू मला सांगितलं का नाहीस?”

तिनं मान वळवली नाही.

“सांगितलं हुतं, सर.”

शहाण्या माणसानं यानंतर गप्प बसून, हात जोडून, काय करता येईल ते विचारलं असतं. मी पत्रकांवर वाढलेला. मी थेट त्यांच्या नाईकाकडे, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाकडे गेलो आणि कायदा सांगितला. अल्पवयीन मुलीचं लग्न हा गुन्हा आहे. मी पोलिसांत जाईन. वर्तमानपत्रात लिहीन. नाईक म्हातारा होता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं.

“आना पोलीस,” तो म्हणाला. “यीऊ द्या. पन येक सांगा, गुर्जी. मागल्या सालच्या हंगामात तुमच्या चेरमनच्या पुतनीचं लगीन झालं. आमी बी जेवलो, मांडवाच्या भाईर. ती नवरी केवडी हुती? तवा तुमी कुटं बसला हुता?”

मी पहिल्या पंगतीत बसलो होतो. नवरी आमच्याच शाळेत आठवीत होती. तिचं नाव पटावरून मीच कमी केलं होतं, हेडमास्तरांच्या सांगण्यावरून, आणि जिलबी खाऊन आलो होतो. तेव्हा मला कायदा आठवला नव्हता. आपल्या माणसांच्या बाबतीत मला रीत दिसली; त्यांच्या बाबतीत गुन्हा दिसला. जागतिक सामंजस्याच्या शिक्षकाची ही तयारी.

पोलिसांचं नाव काढल्याचा एकच परिणाम झाला. मुकादमानं ती टोळी दोन दिवसांत दुसऱ्या फडावर हलवली आणि लग्न उन्हाळ्याच्याही आधी उरकलं. पोराच्या बापाला गाठायला मी पलूसला दोनदा सायकल मारली. दुसऱ्यांदा कोप्यांच्या जागी नुसतं पाचट होतं. चौगुले सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. वाईट माणूस नव्हता तो. पण जे बोलले ते असं : “पटावर नाव नव्हतं, ते एक बरं झालं. गळतीत धरावी लागणार नाही.”

मार्चमध्ये साताऱ्याहून पत्र आलं. अहवाल उत्कृष्ट ठरला होता. पुढच्या शिबिरात मी ‘वर्गातील जागतिक सामंजस्य : एक यशस्वी प्रयोग’ या विषयावर बोलावं, अशी विनंती होती. मी गेलो. खरं सांगायचंच म्हणून गेलो. घुगरीपर्यंत पोचलो तेव्हा अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. शेवटी एका शिक्षकानं विचारलं, तो पोशाख भाड्यानं कुठे मिळतो?

आमच्या मुलांवर या साऱ्याचा काय परिणाम झाला, असं कुणी विचारेल. काही नाही. जूनमध्ये ती वरच्या वर्गात गेली. जमनीच्या नद्यांची रेघ शिपायानं फळा धुताना पुसली. विजयाला मी घुगरीचा अर्थ सांगितला. तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. “मीच बांधली की वो, सर,” म्हणाली. मी म्हणालो, तुझी चूक नाही. तिनं मान हलवली, पण त्यानंतर ती माझ्या तासाला हात वर करीनाशी झाली. एका मुलीचं शिक्षण मी बंद पाडलं आणि दुसरीचं प्रश्न विचारणं. हा माझा खरा अहवाल आहे. तो मागवणारं कार्यालय अजून निघालेलं नाही.

लोक मला म्हणतात, तुमचा हेतू चांगला होता. हेतूचं मला आता काही सांगू नका. चांगल्या हेतूनं मी एका मुलीला देश करून उभं केलं. देशाला कुणी ‘घालू का नको’ विचारत नाही. ओळख करून द्यायला निघालो, पण ओळख करून घेतली नव्हती. चार बायका समोरच्या ओढ्यावर रोज पाणी भरायला यायच्या. त्यांतल्या एकीला एक प्रश्न विचारला असता तर पुरे होतं. पण पुस्तिकेत प्रश्न विचारायला सांगितलं नव्हतं. दाखवायला सांगितलं होतं.

एवढं होऊनही मी पुढचं वर्ष थांबलो. मनात वेडी आशा होती. लग्न झालं तरी ती कोयता धरून याच भागात येईल. मधल्या सुटीत, सांजेला, कसंही करून जोडाक्षरं पुरी करून घेऊ. सकरूला कागद वाचणारं कुणीतरी मिळेल.

दिवाळीनंतर गाड्या आल्या. एके दिवशी मी पलूसच्या रस्त्यानं चाललो होतो. समोरून उसानं भरलेल्या तीन-चार गाड्या येत होत्या. पहिल्या गाडीच्या बैलांशेजारून एक मुलगी चालत होती, गालांवर चांदी हलत. मी हाक मारली, “जमनी!”

तिनं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. आणि झटकन ओढणी हनुवटीपर्यंत ओढून, तोंड बैलांच्या बाजूला फिरवून पुढे गेली.

मागच्या गाडीबरोबर धरमी होती. धाकटी आता तिचं बोट धरून चालत होती. धरमीला वर्षभरात थोडं मराठी आलं होतं. मी विचारलं, जमनी रागावली आहे का? तिला माझ्याशी बोलायचं नाही का?

“राग न्हाई, गुर्जी. घुंगटो घेतला तिनं. सासरा दिसला की घेत्यात आमच्यात.”

“मी कुठला सासरा?”

धरमी थांबली. तिच्या आवाजात खरंच राग नव्हता. मी परका, मला कळत नाही, म्हणून ती सावकाश समजावून सांगत होती.

“तिच्या केसात घुगरी कुनी बांदायला लावली? तुमी. मंग तुमी तिच्या सासरकडचंच की. ती तुमच्याम्होरं तोंड कसं उगडं ठिवंल? बोलंल तरी कसं?”

गाडी पुढे गेली होती. तिनं धाकटीला कडेवर घेतलं आणि पळत जाऊन गाडी गाठली.

त्या आठवड्यात मी राजीनामा लिहिला. अर्जात कारण द्यावं लागतं. मी ‘घरगुती’ असं लिहिलं. चौगुले सरांनी सही केली.